कागदाचे हात

"आजोबा, नोट तशीच राहिली आणि चिठ्ठीचा लगदा झाला. असं का?"

धाकट्या नातीने ओला शर्ट माझ्यापुढे धरला. खिशात वाण्याच्या सामानाची चिठ्ठी होती आणि दहा रुपयांची नोट होती. दोन्ही वॉशिंग मशीनमधून फिरून आली होती. चिठ्ठीच्या गोळ्या होऊन खिशाच्या शिवणीत अडकल्या होत्या. नोट चुरगळली होती एवढंच. वाळवली की पुन्हा दुकानात चालणार होती. दोन्ही कागदच. मग पाण्याने एकाला मारलं आणि दुसऱ्याला का सोडलं?

मुलांनो, प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरात दोनशे वर्षांचं रसायनशास्त्र आहे, आणि माणसाच्या कितीतरी आधी कागद करणारी एक गांधीलमाशीही आहे. तेव्हा जरा सावरून बसा आणि नीट ऐका.

आधी वर्तमानपत्राचा एक तुकडा घ्या आणि फाडा. कात्रीने कापू नका, हातानेच फाडा. फाटलेली कड उजेडाकडे धरून भिंगातून पाहा. कड सरळ नाही, तिच्यावर बारीक लव उभी आहे. त्या लवेतला एकेक धागा म्हणजे वनस्पतीचा एकेक तंतू. चीड-पाइनच्या लाकडातला तंतू सुमारे तीन मिलिमीटर लांब असतो, निलगिरीचा जेमतेम एक मिलिमीटर, बांबूचा दोन-तीन. कापसाचा तंतू मात्र वीस-तीस मिलिमीटर भरतो. जाडी विचाराल तर एका मिलिमीटरचे तीस ते पन्नास भाग करा, त्यातल्या एका भागाएवढी. कागद म्हणजे अशा असंख्य तंतूंची एकमेकांवर आडवीतिडवी पसरलेली चटई.

हे तंतू कशाचे? १८३८ साली पॅरिसमध्ये आन्सेल्म पायेन नावाच्या रसायनज्ञाने निरनिराळ्या वनस्पतींचे भाग घेतले, त्यांच्यावर आम्लं, अमोनिया, वेगवेगळे द्रावक यांचा मारा केला. बाकी सगळं धुऊन गेलं, तरी प्रत्येक वेळी एक पांढरा चिवट पदार्थ मागे उरला. वनस्पती कोणतीही असो, हा पदार्थ तोच. त्याला सेल्युलोज हे नाव पडलं. कापसात तो नव्वद टक्क्यांच्या आसपास असतो, लाकडात चाळीस-पन्नास टक्के.

आणि आता खरी नवलाची गोष्ट ऐका. सेल्युलोज साखरेचं बनलेलं असतं! द्राक्षाच्या गोडीत जे ग्लुकोज असतं, त्याचेच हजारो रेणू एकापुढे एक जोडून सेल्युलोजची साखळी होते. तांदळातलं आणि ज्वारीतलं स्टार्चसुद्धा ग्लुकोजचंच. फरक फक्त जोडणीचा. स्टार्चमध्ये ग्लुकोजचे रेणू एकाच बाजूला तोंड करून जोडलेले असतात, म्हणून साखळी वळत जाते. सेल्युलोजमध्ये एक रेणू सुलटा, पुढचा उलटा, त्यापुढचा पुन्हा सुलटा. त्यामुळे साखळी ताठ सरळ राहते आणि शेजारच्या साखळीला घट्ट चिकटून बसते. एवढ्याशा फरकामुळे भाकरी आपल्याला पचते आणि कडबा पचत नाही. गाईला पचतो, कारण तिच्या पोटात ही उलटसुलट जोडणी सोडवणारे जिवाणू राहतात.

"पण पाण्याचं काय?" थोरला नातू मध्येच म्हणाला. त्याला धीर कमी.

तिकडेच येतो आहे. सेल्युलोजच्या साखळीतल्या प्रत्येक ग्लुकोजला बाहेर आलेले तीन छोटे गट असतात. प्रत्येक गटात एक ऑक्सिजनचा अणू आणि त्याला लागलेला एक हायड्रोजनचा. शास्त्रज्ञ त्यांना हायड्रॉक्सिल गट म्हणतात, आपण त्यांना हात म्हणू. हे हात सारखे दुसऱ्याचा हात शोधत असतात. एकेकाची पकड हलकी, पण लाखो हात एकदम धरले की ती पकड लाकडाला उभं ठेवते.

कागदाच्या गिरणीत लगदा जाळीवर पडतो तेव्हा त्यात जवळजवळ ९९ टक्के पाणी असतं. पाणी जाळीतून गळतं, मग दाबून काढतात, मग तापलेल्या रुळांवरून कागद फिरवून उरलेलं उडवतात. पाणी कमी होत जातं तसतसे तंतू एकमेकांजवळ ओढले जातात आणि शेवटी एका तंतूचे हात दुसऱ्या तंतूच्या हातांना भिडतात. साध्या कागदात तंतू धरून ठेवायला डिंक नसतो, दोरा नसतो. हे धरलेले हात हीच त्याची सगळी ताकद.

आता पाण्याच्या रेणूकडे पाहा. एक ऑक्सिजन, दोन हायड्रोजन. म्हणजे त्यालाही तसेच हात! तो दोन तंतूंच्या मध्ये शिरतो, तंतूने तंतूचा धरलेला हात सोडवतो आणि स्वतःचा त्याच्या हाती देतो. साधा कागद पूर्ण भिजला की त्याच्या कोरड्या ताकदीचा दहावा हिस्साही उरत नाही. वहीच्या पानाच्या दोन सारख्या पट्ट्या कापा. एक कोरडी ओढा, दुसरी मिनिटभर पाण्यात ठेवून ओढा. तुमच्या बोटांनाच ते कळेल. ज्या हातांनी कागद बांधला जातो, त्याच हातांनी तो पाणीही धरतो. हे एक वाक्य लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे.

माणसाच्या आधी हा पेच सोडवला गांधीलमाशीने. छज्ज्याखाली करड्या कागदाचं पोळं लोंबतं ना, ते ती स्वतः बनवते. जुन्या फळीवरून, कुंपणाच्या खांबावरून जबड्याने तंतू खरवडायचे, लाळेत मळायचे आणि पातळ थर पसरायचा. त्या लाळेत प्रथिनं असतात. वाळल्यावर ती तंतूंवर बसतात आणि पावसाचं पाणी आत मुरू देत नाहीत. १७१९ साली रेओम्युर या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने हे पोळं पाहून लिहिलं की कागद लाकडापासूनही करता येईल. त्या काळी युरोपात कागद जुन्या चिंध्यांपासून होत असे आणि चिंध्या पुरत नसत. माशीने दाखवलेल्या वाटेवर माणूस पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी चालू लागला. पोळं दुरूनच बघा बरं, तिचा डंख फार झोंबतो.

आपल्याकडचे कागद करणारे कागदीही तेच करत होते. जुन्नरचा कागद मराठी दफ्तरांत वर्षानुवर्षं वापरला गेला, आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आजही हातकागद होतो. हातकागदाला खळ लावायची, वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. खळ म्हणजे स्टार्चच. ती तंतूंमधल्या फटी भरते, म्हणून शाई फुटत नाही. युरोपात खळीऐवजी जनावरांच्या कातड्या-हाडांचं जिलेटिन लावत. मग १८०७ साली जर्मनीच्या मोरिट्झ इलिग यांनी नवी युक्ती प्रसिद्ध केली. पाइन झाडाची राळ आणि आपली नेहमीची तुरटी थेट लगद्यातच मिसळायची. तुरटी राळेला तंतूवर बसवते आणि राळ पाण्याला अडवते. एकेक ताव खळीत बुडवायला नको, म्हणून ही रीत जगभर पसरली. पण तुरटीमुळे कागदात आम्ल राहतं आणि ते आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या हळूहळू तोडतं. शंभर वर्षांपूर्वीची कितीतरी पुस्तकं हात लावताच तुकडे होऊन पडतात, त्याचं एक मोठं कारण हेच.

इथपर्यंत माणसाने तंतूवर काहीतरी बसवलं होतं. हात मात्र होते तसेच होते. विसाव्या शतकात रसायनशास्त्र थेट हातापर्यंत पोहोचलं.

१९५०च्या दशकात कागदाच्या गिरण्यांत अल्किल कीटीन डायमर नावाचा पदार्थ आला. गिरणीत त्याला नुसतं एकेडी म्हणतात. तो चरबीतल्या आम्लांपासून करतात. त्याच्या रेणूचं एक टोक सेल्युलोजच्या हाताशी पक्का रासायनिक बंध जोडतं, आणि त्याच्या दोन लांब मेणचट शेपट्या बाहेर राहतात. मेणाशी पाण्याचं जमत नाही. थेंब आला तर त्याला धरायला हात सापडत नाही, तो वरच गोल होऊन बसतो. एक टन तंतूंना हा पदार्थ साधारण एक-दोन किलो पुरतो. म्हणजे असंख्य हातांपैकी फारच थोडे झाकायचे, बाकीचे एकमेकांना धरायला मोकळे. शिवाय यात आम्ल लागत नाही, म्हणून कागद टिकतोही जास्त. दुधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यात आणि कागदी पेल्याच्या कागदात हे रसायन असतं.

"म्हणजे नोटेतही तेच?" नातीने विचारलं.

नाही गं बाळा, नोटेचं उत्तर वेगळं आहे. एकेडी पाण्याला उशीर लावतो, पण वॉशिंग मशीनमध्ये तासभर घुसळल्यावर पाणी आत शिरणारच. तिथे लागते ती ओलेपणीही न सुटणारी पकड. आपल्या नोटांचा कागद कापसाचा असतो, हा पहिला फायदा, कारण तंतू लांब आणि चिवट. दुसरं म्हणजे अशा कागदात ओली ताकद देणारं रेझीन घालतात. यातलं आज सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं रेझीन जेरल्ड काइम या अमेरिकी रसायनज्ञाने शोधलं. १९६० साली त्यांना त्याची पेटंटं मिळाली. या रेझीनवर धन विद्युतभार असतो. लगद्यातल्या तंतूंवर थोडे आम्लगट असतात, त्यांच्यावर ऋण भार. त्यामुळे रेझीन पाण्यातून आपण होऊन तंतूकडे ओढलं जातं. कागद तापलेल्या रुळांवरून गेला की ते तंतूशी आणि स्वतःशीही पक्के बंध बांधतं. हे बंध पाण्याला सोडवता येत नाहीत. भिजल्यावरही कोरड्या ताकदीच्या १५ टक्क्यांहून जास्त ताकद राखली, तर त्या कागदाला ओल्या ताकदीचा कागद म्हणतात. उकळत्या पाण्यात चहाची पिशवी फुटत नाही, ती याच गुणामुळे. वाण्याच्या चिठ्ठीला हा गुण कोणी दिला नव्हता, कारण तिला तो कधी लागणारच नव्हता.

आता कागदाचा आणखी एक पेच बघायला नाशिककडे चला. फेब्रुवारी-मार्चमध्ये पॅकहाऊसला द्राक्षं भरायची घाई चाललेली असते. अर्ध्या किलोचे पनेट म्हणजे छोटे डबे, असे दहा पनेट एका पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोक्यांवर खोके रचून पॅलेट, आधी माल गार करायचं प्रीकूलिंग, मग थंड ठेवणारा रीफर कंटेनर, न्हावा शेवा बंदर आणि तिथून जहाजाने युरोप. कित्येक आठवड्यांचा प्रवास. आत तापमान शून्य अंशाच्या आसपास आणि हवेत ओलावा ९० टक्क्यांच्या वर. एवढा ओलावा मुद्दाम ठेवतात, नाहीतर द्राक्षांचे देठ वाळून तपकिरी होतात आणि तिकडचा व्यापारी माल नाकारतो.

द्राक्षाला ओल हवी आणि खोक्याला कोरडं हवं, असा हा पेच. खोक्यावर पाण्याचा थेंबही पडत नाही, पण हवेतली वाफ आत शिरते. एकेडी थेंब अडवतो, वाफ अडवू शकत नाही. वाफेचा एकेक सुटा रेणू फटीतून जातो आणि मोकळा हात गाठतो. नव्वद टक्के ओलाव्यात खोक्याची दाब सोसायची ताकद निम्म्याच्या आसपास येते. सगळ्यांत खालचा खोका बसला की वरची रास कलते, आणि शेतकऱ्याने वर्षभर जपलेल्या घडांचा रस होतो. म्हणून असा खोका करताना कागद जाड घेतात आणि तंतू लांब निवडतात. वजन वाढतं, खर्चही वाढतो.

यावर रसायनज्ञांनी शोधलेला एक उपाय ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. लिंबात जे सायट्रिक आम्ल असतं, त्याला आम्लाचे तीन गट असतात. कागदात ते भिनवून तापवलं की त्याचा एक गट एका साखळीचा हात पकडतो, दुसरा गट दुसऱ्या साखळीचा. मध्ये पक्का पूल तयार होतो. मोकळे हात कमी झाले, तंतू फुगायचा थांबला, ओली ताकद वाढली. पण त्याची एक किंमत द्यावी लागते. हात इतके घट्ट बांधले गेले की कागद ठिसूळ होतो आणि घडीवर तडकतो. घडी घातल्याशिवाय खोका होत नाही! म्हणून पूल किती बांधायचे, हा हिशेब फार नाजूक.

याच्या उलट वाटेनेही काहीजण गेले आहेत. स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठात लार्स वॉगबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही ग्लुकोजची कडीच रसायनाने उघडली. कडी उघडली की ताठ साखळीला लवचीकपणा येतो. असा कागद न फाटता ताणता येतो आणि साच्यात दाबून त्याची खोलगट ताटली करता येते. आज जिथे प्लॅस्टिकचा ट्रे लागतो, तिथे हा कागद चालू शकेल.

खोक्याचा पुनर्जन्मही समजून घ्या. आपल्या देशात तपकिरी खोक्यांचा बहुतेक कागद जुन्या खोक्यांपासून आणि रद्दीपासूनच होतो. चांगली गोष्ट आहे, पण दर वेळी तंतू वाळतो तेव्हा त्याच्या भिंतीच्या आतले हातसुद्धा एकमेकांना पकडतात, आणि पुन्हा भिजवल्यावर त्यातले काही सुटतच नाहीत. तंतू आतून ताठर होतो, पहिल्यासारखा फुगत नाही, शेजाऱ्याला नीट बिलगत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा केलेला पुठ्ठा कमजोर होत जातो. १९८०च्या दशकात स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की तंतू पहिल्यांदा वाळण्याआधी त्याच्या काही हातांवर कार्बोक्सिमिथाइल गट बसवले, तर हा ताठरपणा टाळता येतो. या गटांवर ऋण भार असतो, ते एकमेकांना दूर ढकलतात आणि भिंतीतले हात कायमचे जखडले जात नाहीत.

हीच ढकलाढकल जपानमध्ये आणखी पुढे नेली. टोकियो विद्यापीठाच्या अकिरा इसोगाई आणि त्सुगुयुकी साइतो यांनी टेम्पो नावाच्या उत्प्रेरकाने सेल्युलोजच्या तीन हातांपैकी एकच निवडला, आणि तोही तंतूच्या आतल्या बारीक तंतुकांच्या पृष्ठभागावरचाच, आणि त्याचा आम्लगट केला. मग पाण्यात थोडंसं घुसळताच लाकडाचा तंतू सुटत सुटत अवघ्या तीन-चार नॅनोमीटर जाडीच्या तंतुकांत मोकळा झाला. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले तीन-चार! त्यांची वाळवलेली फिल्म काचेसारखी पारदर्शक होते आणि कोरडी असेपर्यंत प्राणवायूलाही सहज आत येऊ देत नाही. खाऊच्या पाकिटात प्लॅस्टिकचा थर असतो तो मुख्यतः हवा आणि ओल अडवायला. हवा अडवायचं काम झाडाचे तंतूच करू शकतात हे यातून दिसलं. दमट हवेत त्यांचा हा गुण कमी होतो, आणि त्यावर जगभर काम चालू आहे. २०१५ साली या दोघांना आणि योशिहारू निशियामा यांना मार्कुस वॉलेनबर्ग पुरस्कार मिळाला. जंगल आणि लाकूड यांविषयीच्या संशोधनात हा फार मोठा मान आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाचं सांगतो. हात बदलता येतात म्हणून सगळेच बदलू नयेत. १८४६ साली शोनबाइन या रसायनज्ञाने कापसाच्या हातांवर नायट्रिक आम्लाचे गट बसवल्याचं जाहीर केलं, आणि दिसायला तसाच पांढरा कापूस स्फोटक झाला. तिन्ही हातांवर व्हिनेगरमधल्या आम्लाचे गट बसवले की ॲसिटेट होतं. त्याच्या फिती सिनेमाला चालल्या, पण मातीतले जिवाणू त्याला आपलं अन्न म्हणून सहजी ओळखत नाहीत. पाण्यापासून वाचवायला जितके जास्त हात असे झाकाल, तितका कागद मातीला परका होईल. ओल्या ताकदीच्या कागदाचंही तसंच आहे. गिरणीच्या हौदात त्याचा लवकर लगदा होत नाही, म्हणून त्याचा पुन्हा कागद करणं अवघड जातं. चांगलं रसायन मी त्यालाच म्हणेन, जे लागतील तेवढेच हात बदलतं आणि काम संपलं की कागदाला गिरणीकडे किंवा मातीकडे परत जाऊ देतं.

मुलांनो, तुमच्यातलं कोणी पुढे रसायनशास्त्र शिकलं तर हे काम तुमची वाट पाहत आहे. वाफेला अडवेल, घडीवर तडकणार नाही आणि मातीत सहज मिसळून जाईल असा स्वस्त कागद अजून व्हायचा आहे. तोवर एवढं करा. घरी आलेला खोका उघडला की चिकटपट्टी काढा, तो चपटा करा आणि ओल्या कचऱ्यात न टाकता कोरडाच रद्दीवाल्याला द्या. खरकट्याने भिजून माखलेले तंतू कोणतीही गिरणी घेत नाही. कोरड्या तंतूंचा पुन्हा खोका होतो.